तात्यांच्या आंघोळीचं पाणी

“विझला.”

परसदारी उभं राहून आईनं एवढंच सांगितलं आणि ती आत निघून गेली.

मी अर्ध्या गालाला साबण फासलेल्या अवस्थेत परसात धावलो. न्हाणीच्या दाराशी आमचा तांब्याचा बंब उभा होता. तीन पाय, सुटलेलं पोट, डोक्यावर कलतं झाकण. एकूण थाट निवृत्त मामलेदाराचा. घटकाभरापूर्वी मी त्याच्या मधल्या नळकांड्यात चिपाडं घातली होती, वर करवंट्या, त्यावर लोणारी कोळसा. निखारे रसरसून फुललेले या डोळ्यांनी बघूनच दाढीला बसलो होतो. आता वरून डोकावलं तर आत अंधार आणि पांढऱ्या धुराची एक मरतुकडी रेघ. पाण्यात बोट घालून पाहिलं. आडातून काढलं तेव्हा होतं त्यापेक्षा जरा बरं, इतकंच.

एरवी बंब विझला तर कुणी जिल्हाधिकाऱ्यांना तार करत नाही. पण त्या दिवशी तात्यांना, म्हणजे माझ्या वडलांना, मिरजेला न्यायचं होतं. त्यांच्या पोटात गाठ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन, त्याआधी आजच भरती व्हायचं. दवाखान्यात खाट मिळावी म्हणून मी सोलापूरहून रजा काढून आलो होतो आणि इतक्या लोकांच्या ओळखी काढल्या होत्या, की त्यातल्या काहींशी पुढं जन्मभर ओळख ठेवावी लागली. “आत्ता आणलंत तर काही करता येईल,” असं डॉक्टर म्हणाले होते. ‘काही’ म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या ‘काही’वर मी तेव्हा जगत होतो.

बाबालाल मुजावरची टॅक्सी दारात येऊन उभी होती. अडलं होतं ते एवढ्यावरच, की तात्यांची आंघोळ व्हायची होती. पारोशानं उंबरा ओलांडायचा नाही, हा त्यांचा नियम. आयुष्यात त्यांनी एवढ्या एकाच गोष्टीचा हट्ट धरला. बाकी त्यांना कुणालाही, कशालाही ‘नाही’ म्हणता येत नसे. गावातल्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. दारावर आलेल्या विक्रेत्याला नाही म्हणता आलं नाही, म्हणून आमच्या घरात शिवणयंत्राचं तेल होतं, शिवणयंत्र नव्हतं. एका मुंजीत यजमानांनी त्यांना बटूचे मामा समजून पुढं बसवलं, तर बिचारे शेवटपर्यंत मामा राहिले.

मी साबण पुसला आणि आत गेलो. तात्या खिडकीजवळच्या खाटेवर पडले होते. अंगावर शाल, शालीखाली माणूस आहे की नाही, शंका यावी इतके वाळलेले.

“तात्या, बंब विझला.”

“असं?” त्यांनी मोठ्या आस्थेनं मान वळवली. “जाळीवरची राख काढली होतीस का?”

“काढली होती.”

“सगळी?”

“सगळी.”

“तिथंच चुकलं. थोडी ठेवायची असते. तिची ऊब लागते निखाऱ्याला.”

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पण आजारी माणसाशी वाद घालायचा नसतो. मी परसात जाऊन बंब पुन्हा भरला, थोडी राख मुद्दाम ठेवली, चिपाडांना काडी लावली, फुंकणीनं डोळे लाल होईपर्यंत फुंकलं. कोळसा तडतडला, लाल झाला. मी बाहेर जाऊन बाबालालला “झालंच” म्हणून सांगून आलो. येतोय तोवर पुन्हा तीच पांढरी रेघ.

“राख ठेवली होतीस?” तात्यांनी विचारलं.

“तुम्ही सांगितलीत तेवढी.”

“मग हवा कोंडली. राख नको होती ठेवायला.”

“तात्या, तुम्हीच म्हणालात ना?”

“म्हणालो खरा,” तात्या म्हणाले आणि खिडकीबाहेरच्या शेवग्याकडं बघत राहिले.

मी आईला म्हटलं, “चुलीवर पातेलं ठेव एक. त्याच पाण्यानं भागवू.”

“स्वयंपाकाच्या चुलीवर पारोशाचं पाणी?” आईनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी जणू देवघरात चपला वाळत घालायला निघालो होतो. वास्तविक मी लहान असताना त्याच चुलीवर तिनं माझ्या कुत्र्यासाठी भाकरी भाजली होती.

“मग स्टोव्हवर ठेव.”

“पिन तुटलीय.”

“अंग पुसून घेतलं तर?”

“पुसणं म्हणजे आंघोळ होय?” हे आतून तात्या म्हणाले. आवाज क्षीण होता, पण कान तिखट.

एवढ्यात कोरे आप्पा आले. आप्पा तात्यांचे जुने स्नेही. राहायला स्टेशनच्या बाजूला, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, तरी तात्यांना निरोप द्यायला थंडीत चालत आले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले. रेल्वेत ते पार्सल ऑफिसात होते, पण कोळशावर जिथं जिथं बोलणं निघे तिथं ते इंजिन चालवल्यासारखे बोलत.

“काय म्हणता, बंब विझतोय?” आप्पांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. “अहो दिगंबरपंत, इंजिन काय आन् बंब काय, तत्त्व एकच. सरका बघू.”

मी सरकलो. आप्पांनी धोतराचा काचा मारला, बंबाभोवती प्रदक्षिणा घातली, टिचकी मारून पाहिली, कान लावून पाहिला. मग कोळशाचं पोतं उपसून एकेक खडा हातात घेऊन जोखला आणि पसंत पडलेले बाजूला काढले. त्या खड्यांची त्यांनी नळकांड्यात अशी रचना केली, की पेटवायचं मनाला येईना. पेटवल्यावर मात्र झकास पेटलं. आप्पा छाती काढून आत आले, तात्यांच्या खाटेवर बसले.

“पेटला. आता इथून कोल्हापूरपर्यंत नेला तरी विझायचा नाही.”

“तुम्ही आलात म्हणून,” तात्या म्हणाले. “अगं, ऐकलंस का? आप्पांनी पेटवला बंब.”

“हो का?” आई म्हणाली आणि परसाकडं गेली.

आप्पांचं मिरज यार्डातल्या एका अवघड वळणाचं वर्णन संपेस्तोवर बंब विझला होता.

आप्पांचा चेहरा पाहवेना. ते परसात उकिडवे बसले आणि त्यांनी जाळीखालची राख चिमटीत धरली. राख नव्हतीच ती. चिखल होता.

“हात्तिच्या!” आप्पा ओरडले. “दिगंबरपंत, ओली आहे राख! बंब गळतोय. आतल्या नळकांड्याला चीर गेलीय, तिथनं पाणी विस्तवावर पडतंय. उगाच माझ्या कोळशाला नाव!”

आम्ही नळकांडं रिकामं केलं, पुसून कोरडं केलं, आत वर्तमानपत्राचा कागद घातला आणि दोघं त्या कागदाकडं बघत बसलो. कागद कोरडाच्या कोरडा राहिला. बंब गळत नव्हता.

बाबालाल डोकावून गेला. “सायब, निघायचं न्हवं? दवाखान्यात येळंवर पोचाय पायजे. न्हाईतर खाट देतील दुसऱ्याला.”

“निघायचंय बाबा. आंघोळ व्हायचीय.”

“कुणाची?”

“तात्यांची.”

“मग काय अडलंय?”

“बंब.”

बाबालालनं बंबाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि विडी शिलगावून बाहेर गेला. त्याची काडी मात्र पहिल्या झटक्यात पेटली.

आप्पा उठले. तोंड लालबुंद झालेलं. “गरम झाल्यावर चीर उघडत असणार,” ते म्हणाले. “आज हा बंब पेटायचा नाही. बघतो मी. मला बघू द्या काय ते.” आणि कुणाचा निरोपही न घेता तरातरा निघून गेले.

मी एकटा उरलो. बंब पुन्हा भरला. आता हात आपोआप चालत होते. चिपाडं, करवंट्या, कोळसा, काडी, फुंकणी. मनात एकच चालू होतं, की उद्या सकाळी त्या टेबलावर तात्या नसले तर तिसराच कुणीतरी असेल, आणि डॉक्टरांचं ते ‘काही’ त्याच्या वाट्याला जाईल. का, तर आमच्याकडं कोळसा पेटेना म्हणून. कोळसा पेटला. करवंट्या संपल्या होत्या, त्या आणायला मी गोठ्यामागं गेलो. ओंजळभर घेऊन वळलो.

आई बंबापाशी उभी होती. डाव्या हातानं पदरात धरून तिनं नळकांड्यावरचं झाकण उचललं होतं. उजव्या हातात तांब्या होता. फसफस ऐकू जाऊ नये म्हणून ती पाण्याची अगदी बारीक धार धरून विस्तवावर सोडत होती. तोंड धुराकडून वळवलेलं. पांढरा धूर तिच्या खांद्यावरून वर जात होता.

“आई.”

ती दचकली वगैरे नाही. तांब्यातलं उरलेलं पाणीही तिनं ओतलं, झाकण बसवलं आणि पदराला हात पुसले.

“काय चाललंय हे?”

“दिसतंय की.”

“अगं, त्यांना मिरजेला न्यायचंय. उद्या ऑपरेशन आहे. तुला कळतंय का तू काय करतेयस?”

“मला कळून काय करायचंय? सांगितलं तसं करते.”

“कुणी सांगितलं?”

आई खालच्या करवंट्यांकडं बघत राहिली. त्या माझ्या हातून कधी पडल्या होत्या ते मला समजलं नव्हतं.

“ह्यांनी,” ती म्हणाली. “काल तू गाडी ठरवायला गेलास ना, तेव्हा. म्हणाले, उद्या तेवढा बंब पेटू देऊ नकोस. दिगूनं फार खटपट केलीय. त्याला नाही कसं म्हणू?”

मी आत गेलो. तात्यांनी नेहमीच्या आस्थेनं विचारलं, “आता काय झालं रे?”

“आईनं पाणी ओतलं.”

तात्यांनी शालीचं टोक सारखं केलं. मग म्हणाले, “तिला म्हटलं होतं, दिगू जवळपास आहे का बघत जा.”

मी खाटेच्या कडेवर बसलो. रागवावं म्हटलं तर शालीखालच्या त्या काटक्यांवर काय रागवायचं?

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगणार होतो. पण तू खाट मिळाली म्हणून पेढे घेऊन आलास. पेढा खाल्ल्यावर नाही कसं म्हणायचं?”

“तात्या, डॉक्टर म्हणालेत, करता येईल काही.”

“अरे, तसंच म्हणायचं असतं. आमचे डॉक्टरसुद्धा तसंच म्हणायचे. माणसांना गाडीत बसवून द्यायचं काम माझ्याकडं असायचं. मी म्हणायचो, काळजी करू नका, करतील काहीतरी.” तात्या जरासे हसले. “बाटल्या भरता भरता एवढं कळायला लागतं, की कुठली गाडी परत येणार आणि कुठली नाही.”

“पण प्रयत्न तर...”

“मला इथंच राहायचंय, दिगू,” तात्या म्हणाले. “एवढंच.”

माझ्या आठवणीत तात्यांनी स्वतःला काय हवंय ते असं सरळ सांगितलं, ते त्या एकदाच. मी खिडकीबाहेर बघत बसलो. डॉक्टरांचा तो एक शब्द कितीतरी दिवस मी उराशी धरला होता. तो सोडायचा म्हणजे काय सोडायचं, हे मला चांगलं ठाऊक होतं. शेवटी मी म्हणालो, “बंब काही पेटत नाही, तात्या.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “नाही ना?”

“नाही. कोळसाच दमट आहे. आजचं रहित करू.”

“आणि बाबालाल?”

“त्याला सांगतो मी.”

तात्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. पण तेवढ्यात म्हणाले, “तुझ्या आईला म्हणावं, चहा टाक. आलं घाल म्हणावं.” कित्येक दिवसांत त्यांनी तोंडानं काही मागितलं नव्हतं. आई दारातच होती. ती लगबगीनं चुलीकडं वळली आणि आतून खलबत्त्यात आलं कुटल्याचा आवाज यायला लागला.

बाबालालला सांगायला मी बाहेर आलो. गाडी नव्हती. मनात म्हटलं, कंटाळून गेला असेल, बरंच झालं, तोंडदेखलं बोलणंही वाचलं.

मी वळणार, तोच गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. गाडी येत होती, पण वरातीच्या चालीनं, सांभाळून. मागच्या सीटवर कोरे आप्पा ताठ बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन घागरी होत्या. दोन्ही घागरींच्या गळ्यात आप्पांचे हात होते. काचा वाफेनं धुरकटल्या होत्या.

“दिगंबरपंत!” गाडी थांबायच्या आत आप्पा ओरडले. “माझा बंब कधी विझत नाही! आणलं पाणी! कडकडीत!”

“येकदम खळखळतंय सायब,” बाबालाल म्हणाला. “वाटंत हिसका न्हाई बसू दिला.”

“आप्पा,” मी म्हणालो, “अहो आप्पा, जरा ऐका. तात्या आज...”

“तात्या आज माझ्या बंबाच्या पाण्यानं आंघोळ करणार!” असं म्हणत आप्पा एक घागर घेऊन ओसरीवर चढलेसुद्धा. त्यांच्या बाह्या भिजल्या होत्या, हाताला चटके बसून लाल डाग उठले होते. वयानं ते तात्यांच्याच बरोबरीचे. दमही लागला होता. त्यांना अडवायचं म्हणजे अंगावर घागर घेणं आलं.

आतून तात्यांचा आवाज आला. मला पाठ असलेला, आजन्म ऐकलेला, गोड, संकोची आवाज.

“अहो आप्पा! कशाला एवढा त्रास घेतलात?”

“त्रास कसला? मित्रासाठी एवढं करायचं नाही तर काय?”

“कमाल केलीत,” तात्या म्हणाले. मी आत पोचलो तेव्हा ते खाटेवर उठून बसले होते आणि पायानं चपला शोधत होते.

आई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिनं तो कप कोनाड्यात ठेवला.

न्हाणीत मी त्यांना पाटावर बसवलं. आप्पा बाहेरून “विसण कमी घाला, अंग शेकलं पाहिजे,” असं ओरडत होते. मी पहिला तांब्या पाठीवर ओतला. पाठ कसली, मणके मोजावेत.

“तात्या,” मी हळू आवाजात म्हटलं, “तुम्ही फक्त मान हलवा. मी सांगतो आप्पांना. खरं काय ते सांगतो.”

“अरे, हात भाजलेत त्यांचे.”

“भाजू देत.”

“आता काय कारण सांगायचं?” तात्या म्हणाले. “पाणी तर आलं दारात.”

“कारण कशाला हवं? नाही म्हणायचं.”

तात्यांनी खरोखर विचार केला. नाही असं नाही. ओलं तोंड वर करून ते माझ्याकडं बघत राहिले. शाळेतलं पोर फळ्याकडं बघतं तसं. मग डोळे पुसून म्हणाले, “छान आहे रे पाणी. ओत अजून.”

मी ओतत राहिलो.

निघताना आईनं त्यांच्या हातावर दही घातलं. तात्या देवाला हात जोडून म्हणाले, “येतो.” जातो म्हणायचं नसतं. मग आप्पांचे आभार मानले, आपल्यामुळं खोळंबा झाला म्हणून बाबालालची माफी मागितली आणि स्वच्छ धोतरात, भांग पाडून, गाडीत बसले. कोनाड्यातला चहा संध्याकाळपर्यंत तिथंच होता, असं आई पुढं सांगायची.

मिरजेला डॉक्टरांनी करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. तात्यांनी त्यांनाही कशाला नाही म्हटलं नाही. शेवटच्या दिवशी शुद्ध होती तेव्हा त्यांनी खिडकी कुठं आहे, ते विचारलं. त्या खोलीला खिडकी होती, पण ती जिन्यात उघडत होती. परत आणलं तेव्हा गाडीत बसवायचा प्रश्न उरला नव्हता.

तेरावं होऊन गेल्यावर एका संध्याकाळी कोरे आप्पा भेटायला आले. मी सोलापूरला जायच्या तयारीत होतो. आई तेराव्याच्या उरलेल्या लाडवांचा डबा घेऊन बसली आणि तिनं आप्पांपुढं बशी ठेवली. आप्पांना पाण्याची हकिकत सांगायचीच होती. बंब कसा गळत होता, त्यांनी बाबालालला गाडी कशी वळवायला लावली, घागरी कशा धरल्या, सगळं त्यांनी सांगितलं. हाताचे डाग दाखवले. ते अजून पुरते गेले नव्हते.

“एक सांगतो वहिनी, मी पाणी आणलं म्हणून बरं. नाहीतर प्रयत्न केला नाही, अशी रुखरुख राहिली असती तुम्हाला जन्मभर. होय की नाही?”

“हो ना,” आई म्हणाली. “तुम्ही होतात म्हणून.” तिनं त्यांच्या बशीत एक लाडू ठेवला.

तो संपल्यावर आणखी एक ठेवला.

“नको वहिनी. पोट भरलं.”

“असं कसं? एवढं पाणी घेऊन आलात त्या दिवशी.”

आप्पांनी लाडू उचलला. तो खाऊन होतोय तोवर आईनं पुढचा ठेवला. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी वळकटीचा पट्टा आवळत होतो, तो आवळत राहिलो. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“वहिनी, आता अगदी...” एवढं म्हणून ते थांबले, आणि त्यांनी तोही लाडू तोंडात घातला.

आई डबा मांडीवर घेऊन समोर बसली होती. ती आप्पांच्या तोंडाकडं शांतपणे बघत होती, आणि डब्यात हात घालत होती.